कायनेज थांबवायचं की चालू ठेवायचं?

पत्र

माझ्या मुलीला जन्मापासून एकच किडनी आहे. ती आता चार वर्षांची आहे, धावते, खेळते, दिसायला काहीही त्रास नाही. पण पाचव्या महिन्यातल्या सोनोग्राफीत हे कळलं तेव्हापासून ‘माझ्याकडून काय चुकलं’ हा प्रश्न डोक्यातून जात नाही. त्यात मध्यंतरी माझ्या बाबांना गंभीर जंतुसंसर्ग झाला, बीपी एकदम खाली गेलं आणि किडन्या बंद पडल्या. आयसीयू, डायलिसिस सगळं झालं. आता लघवी व्यवस्थित होते, डायलिसिस थांबलंय, क्रिएटिनिन १.६ आहे. माझ्या मावसभावाने दोन लेख पाठवले. एकात लिहिलंय की ‘प्रोटीन कायनेज’ रोखलं तर किडनी वाचते. दुसऱ्यात लिहिलंय की कायनेज नसेल तर किडनी तयारच होत नाही. मग हे चांगलं की वाईट? बाबांना कायनेज रोखणारं औषध मिळेल का? एका नातेवाइकांनी नॅटोकायनेजच्या गोळ्या आणून दिल्यात, त्या सुरू करू का? आणि मुलीच्या बाबतीत हे कायनेज कमी पडलं का?

— एक आई आणि एक मुलगी

उत्तर

ताई, सगळ्यात आधी घाईचं. त्या नॅटोकायनेजच्या गोळ्या बाजूला ठेवा, बाबांना देऊ नका. तुमच्या भावाने पाठवलेल्या लेखांतल्या कायनेजशी त्यांचा काडीचाही संबंध नाही. नॅटोकायनेज हे आंबवलेल्या सोयाबीनपासून मिळणारं, रक्ताच्या गुठळीतलं फायब्रिन तोडणारं एन्झाइम आहे. बाबा रक्त पातळ करणारी गोळी घेत असतील, ॲस्पिरिन घेत असतील, तर रक्तस्राव वाढण्याचा धोका आहे. शिवाय आजारातून नुकत्याच उठलेल्या किडनीवर डॉक्टरांना न सांगता कुठलीही गोळी टाकायची नसते. बाबांच्या फाइलमध्ये ‘सीपीके’ (क्रिएटिन फॉस्फोकायनेज) नावाची तपासणी दिसली तर तीही वेगळीच गोष्ट आहे. ती स्नायूंना इजा झाली का ते पाहायला करतात.

आता लेखांबद्दल. दोन्ही लेखांत खोटं काही नसावं. एक दुखावलेल्या किडनीबद्दल बोलतोय, दुसरा गर्भात घडत असलेल्या किडनीबद्दल. गोंधळ होतो तो ‘कायनेज’ ही एकच वस्तू आहे असं धरल्यामुळे. २००२ साली माणसाच्या जनुकांची मोजदाद झाली तेव्हा ५१८ प्रोटीन कायनेजची जनुकं सापडली. प्रत्येकाचं गिऱ्हाईक वेगळं. सगळ्यांची करणी मात्र सारखी: एटीपी या पेशीच्या इंधनातला एक फॉस्फेट काढायचा आणि दुसऱ्या प्रथिनावर नेमक्या जागी चिकटवायचा. तेवढ्याने त्या प्रथिनाचं वागणं पालटतं. निपचित पडलेलं कामाला लागतं, चालू असलेलं थांबतं, किंवा पेशीतली आपली जागा सोडून दुसरीकडे जातं. फॉस्फेट उतरवणारी एन्झाइमं वेगळी, त्यांना फॉस्फटेज म्हणतात. फॉस्फेटच्या या चढउतारानं प्रथिनांचं काम आवरतं-सुरू होतं, हे एडविन क्रेब्ज आणि एडमंड फिशर यांनी १९५० च्या दशकात स्नायूंतल्या एका एन्झाइमवर दाखवलं आणि त्याबद्दल त्यांना १९९२ चं नोबेल मिळालं.

किडनीत हे कसं चालतं, त्याचं एकच उदाहरण देते. तुम्ही बराच वेळ पाणी प्यायला नाहीत तर मेंदूतून व्हॅसोप्रेसिन नावाचं संप्रेरक सुटतं. ते किडनीच्या शेवटच्या नलिकांपर्यंत पोचलं की तिथल्या पेशींत प्रोटीन कायनेज ए जागं होतं आणि ॲक्वापोरिन-२ या पाण्याच्या वाटेवर फॉस्फेट बसवतं. पेशीच्या पोटात पडून असलेल्या या वाटा मग वर, पेशीच्या पडद्यात येऊन बसतात, पाणी परत आत ओढलं जातं आणि लघवी पिवळी, घट्ट होते. पाणी प्यायलात की उलट. हे दिवसभर चालू असतं. त्यामुळे ‘कायनेज चांगलं की वाईट’ या प्रश्नाला उत्तरच नाही. कोणतं, कुठल्या पेशीत, कधी आणि किती वेळ, एवढं विचारलं तरच काही सांगता येतं.

आता तुमची लेक. गर्भधारणेनंतर साधारण पाचव्या आठवड्यात गर्भाच्या एका नळीला बाजूने छोटासा कोंब फुटतो. त्याला मूत्रवाहिनीचा अंकुर म्हणतात. शेजारी काही मोकळ्या पेशींचा पुंजका असतो. तो पुंजका जीडीएनएफ नावाचं प्रथिन सोडतो. नळीच्या पेशींवर रेट नावाचं कायनेज बसलेलं असतं, अर्धं पेशीबाहेर, अर्धं आत. जीडीएनएफ बाहेरून येऊन चिकटलं की आतली बाजू पेटते, फॉस्फेट बसू लागतात, तो निरोप पुढे ईआरके, एकेटी अशा कायनेजच्या साखळीतून जातो आणि कोंब पुंजक्याच्या दिशेने वाढतो. आत शिरला की त्याला फांद्या फुटतात, फांद्यांना फांद्या. प्रत्येक टोकाशी पुंजक्यातल्या पेशी गोळा होऊन नेफ्रॉन, म्हणजे रक्त गाळणारे किडनीचे बारीक घटक, घडतात. १९९४ मध्ये उंदरांत रेटचं जनुक काढून टाकलं तेव्हा बऱ्याच पिल्लांत किडनी झालीच नाही, काहींत नावापुरती झाली. १९९६ मध्ये जीडीएनएफ काढून पाहिलं, तेव्हाही तेच.

इथली एक गोष्ट मला फार आवडते, म्हणून थोडी रेंगाळते. संशोधकांनी उंदराच्या गर्भात काही पेशी रेट असलेल्या आणि काही रेट नसलेल्या अशा मिसळून पाहिल्या. वाढत्या कोंबाच्या टोकाशी रेट असलेल्या पेशीच पुढे सरकल्या. ज्यांच्यात रेट नव्हतं त्या मागे राहिल्या. म्हणजे जनुकाचा आराखडा घेऊन सगळ्या पेशी शिस्तीत रांगेत उभ्या राहतात असं काही नसतं. टोकाची जागा मिळवायला तिथे चक्क रेटारेटी चालते आणि ती कायनेजच्या जोरावर होते.

हा जोर आवरायलाही कोणीतरी लागतं. स्प्राउटी-१ नावाचं प्रथिन ते काम करतं. उंदरांत ते काढलं की एकाऐवजी अनेक कोंब फुटतात, मूत्रवाहिन्या जास्तीच्या होतात, किडनी विचित्र घडते. आणि गंमत अशी की जीडीएनएफ आणि स्प्राउटी-१ दोन्ही एकदम काढलं तर किडनी पुन्हा तयार होते! २०१० साली हे प्रसिद्ध झालं. जोर देणारं गेलं, आवरणारंही गेलं, तर एफजीएफ-१० नावाचं दुसरं प्रथिन काम निभावून नेतं. आणि हेच रेट मोठेपणी नको त्या पेशीत सतत चालू राहिलं तर थायरॉइडचा एका प्रकारचा कॅन्सर होतो. त्याला रेट रोखणारी औषधं आहेत. गर्भात ज्याच्यावाचून अडतं, तेच चाळिशीत जिवावर उठतं.

मग तुमच्या मुलीत रेट कमी पडलं का? काही माणसांत रेटच्या जनुकात बदल सापडले आहेत, पण एक किडनी नसण्याला इतरही बरीच जनुकं कारण असू शकतात आणि पुष्कळदा कारण सापडतच नाही. गर्भारपणाआधीपासूनचा, आटोक्यात नसलेला मधुमेह किंवा काही औषधं यांनी गर्भाच्या किडनीवर परिणाम होऊ शकतो, हे खरं. तुमच्या पत्रात तसं काही नाही. आणि तो कोंब कधी फुटतो ते पुन्हा बघा: पाचवा आठवडा. तेव्हा आपण गरोदर आहोत हे कित्येक बायकांना नुकतंच कळलेलं असतं. त्यानंतर तुम्ही काय खाल्लं, किती जिने चढलात, कोणावर चिडलात, कुठे प्रवास केलात, यातलं काहीही या गोष्टीला कारण नाही. ताई, हे ओझं खाली ठेवा. एकच किडनी घेऊन जन्मणारं मूल साधारण हजार ते दोन हजारांत एक असतं, आणि कित्येकांना ते आयुष्यभर कळतही नाही.

तिच्या किडनीत कायनेज सध्या काय करत असेल, तेही सांगते. एकटी किडनी मोठी होते. पुष्कळदा हे गर्भातच सुरू होतं. नेफ्रॉनची संख्या मात्र गर्भारपणाच्या साधारण छत्तिसाव्या आठवड्यापर्यंत ठरून जाते, जन्मानंतर नवीन नेफ्रॉन येत नाहीत. आहेत तेच वाढतात. उंदरांतल्या अभ्यासांत दिसलंय की एक किडनी काढल्यावर दुसरीच्या वाढीत एमटॉर नावाच्या कायनेजचा मोठा वाटा असतो. तुमच्या लेकीची किडनी सोनोग्राफीत वयाच्या मानाने मोठी दिसत असेल तर घाबरू नका, तेच अपेक्षित आहे. लहान दिसली तर मात्र डॉक्टरांशी बोला.

तिच्यासाठी करायचं ते साधं आहे. वर्षाकाठी बीपी (मुलांच्या मापाच्या पट्ट्याने, मोठ्यांचा पट्टा लावून आलेला आकडा ग्राह्य धरू नका), लघवीतलं प्रथिन, आणि डॉक्टर सांगतील तेव्हा सोनोग्राफी आणि क्रिएटिनिन. कारण न कळणारा ताप आला तर लघवीची तपासणी लगेच करा. एकट्या किडनीकडे लघवी उलटी जाण्याचा दोष काही मुलांत असतो. अंगावर कोसळण्याचे खेळ वगळता बाकी सगळं खेळू द्या, आणि त्याबद्दलही तिच्या डॉक्टरांचं ऐका, शेजाऱ्यांचं नको. ती मुलगी आहे म्हणून आणखी एक, जे सांगायचं बऱ्याचदा राहून जातं: किडनी आणि गर्भाशय गर्भात जवळजवळ, एकमेकांच्या आधाराने घडतात, त्यामुळे एक किडनी नसलेल्या काही मुलींत गर्भाशयाची घडण वेगळी असते. पाळी सुरू होण्याच्या सुमारास पोटाची सोनोग्राफी करून घ्या. आत्तापासून काळजी करायची गरज नाही, फाइलच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा म्हणजे झालं.

बाबांचं प्रकरण वेगळं आहे. हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा पाचवा ते चौथा हिस्सा किडन्यांकडे जातो, पण किडनीच्या आतल्या थरात प्राणवायू एरवीही जेमतेम असतो. जंतुसंसर्गात बीपी कोसळलं की तिथल्या नलिकांच्या पेशींचा एटीपी काही मिनिटांत उतरतो. एएमपीके नावाचं कायनेज हा तुटवडा ओळखून पेशीचा खर्च आवरू पाहतं. रक्तपुरवठा परत आला की जेएनके आणि पी-३८ ही कायनेज जोरात पेटतात, सूज वाढवणारे निरोप सुटतात. आरआयपीके-१ आणि आरआयपीके-३ ही जोडी काही पेशींना फुटून मरायला लावते. उंदरांत इजा करण्याआधीच जेएनके रोखणारं औषध दिलं तर किडनीचं नुकसान कमी होतं. तुमच्या भावाचा पहिला लेख बहुधा याच प्रकारच्या प्रयोगाबद्दल असणार. ‘इजा करण्याआधी’ हे दोन शब्द नीट वाचा. माणसाला जंतुसंसर्ग कधी होणार हे आधी कळत नसतं.

त्यानंतर दुरुस्ती. वाचलेल्या पेशी चपट्या होतात, उघड्या पडलेल्या भिंतीवर पसरतात, विभागतात, आणि नलिकेचं अस्तर पुन्हा भरून काढतात. बाबांची लघवी परत सुरू झाली ती यामुळेच. या कामाला ईजीएफआर हे कायनेज लागतं. नलिकांमधलं ईजीएफआर काढून टाकलेल्या उंदरांची किडनी इजेनंतर उशिरा सावरते. पण गंभीर इजेनंतर हेच ईजीएफआर आठवडेच्या आठवडे चालू राहिलं तर किडनीत तंतू, म्हणजे जखमेच्या व्रणासारखे धागे, साठायला लागतात, आणि तेव्हा ते रोखलं तर उंदरांत तंतू कमी होतात. हाड मोडल्यावर प्लास्टर हवंच, पण जुळून आल्यावरही ते काढलं नाही तर सांधा आखडतो, तसं आहे हे.

तंतू का साठतात, याचा एक चांगला धागा २०१० मध्ये जोसेफ बॉनव्हेंट्र यांच्या गटाला सापडला. जबर इजेनंतर नलिकांच्या काही पेशी विभागायला निघतात आणि ऐन विभागणीच्या उंबरठ्यावर अडकून बसतात. ना पुढे, ना मागे. अशा अडकलेल्या पेशींत जेएनके पेटलेलं राहतं आणि त्या शेजारच्या पेशींना तंतू बनवायचे निरोप पाठवत राहतात. उंदरांत जेएनके रोखल्यावर हे तंतू कमी झाले. तंतू बनवणाऱ्या निरोपांतला सर्वांत ओळखीचा टीजीएफ-बीटा, आणि तो ज्याला जाऊन चिकटतो तेही एक कायनेजच.

म्हणून ‘कायनेज रोखणारं औषध बाबांना मिळेल का’ याचं उत्तर: नाही, आणि मागूही नका. अचानक बंद पडलेल्या किडनीसाठी मान्यता मिळालेलं असं एकही औषध आज नाही. प्रयत्न झाले नाहीत असं नाही. जेएनके आणि पी-३८ यांना पेटवणारं एएसके-१ रोखण्याचं सेलोनसर्टिब हे औषध मधुमेहाने बिघडलेल्या किडनीत वापरून पाहिलं. २०१९ मध्ये आलेल्या निकालात ४८ आठवड्यांनी अपेक्षित फरक दिसला नाही. एमटॉर रोखणारं सिरोलिमस नलिकांची दुरुस्ती लांबवतं, त्यामुळे नव्याने बसवलेली किडनी कामाला लागायला वेळ घेत असेल तर डॉक्टर ते जपून वापरतात. कॅन्सरमध्ये रक्तवाहिन्यांची वाढ थांबवायला जी कायनेजरोधक औषधं देतात, सुनिटिनिबसारखी, त्यांनी काही रुग्णांचं बीपी चढतं आणि लघवीतून प्रथिन जायला लागतं. किडनीतल्या गाळणीच्या पेशी व्हीईजीएफ या रक्तवाहिन्या वाढवणाऱ्या प्रथिनाच्या निरोपावर शेजारच्या रक्तवाहिन्या धडधाकट ठेवत असतात, म्हणून. कॅन्सरमध्ये हा सौदा परवडतो. बाबांना तो कशासाठी करायचा?

मी हे सगळं निराश करायला लिहीत नाही. याच ज्ञानावर प्रयोगशाळेत किडनीचे छोटे नमुने वाढवता येतात. २०१५ मध्ये मेलिसा लिटल यांच्या गटाने मूळ पेशींपासून असे नमुने तयार केले, आणि त्याची पहिली पायरी काय, तर जीएसके-३ नावाचं कायनेज काही दिवस रोखायचं! रोखल्याने किडनी घडायला सुरुवात होते, हे तुमच्या भावाला जरूर सांगा. दोन लेखांवरून त्याचा जो गोंधळ झालाय तो आणखी वाढेल, पण योग्य दिशेने वाढेल.

बाबांकडे परत येते. त्यांचं क्रिएटिनिन (किडनीने रक्तातून बाहेर टाकायचा टाकाऊ पदार्थ, किडनी कमी पडली की तो वाढतो) १.६ आहे, पण आयसीयूमधून आलेल्या माणसाचे स्नायू झडलेले असतात आणि क्रिएटिनिन स्नायूंतूनच येतं. त्यामुळे हा आकडा किडनीची प्रत्यक्षापेक्षा बरी बाजू दाखवत असू शकतो. सिस्टॅटिन-सी नावाची तपासणी स्नायूंवर एवढी अवलंबून नसते. ती करून घ्यावी का, हे डॉक्टरांना विचारा. पुढे बाबा जेवायला, चालायला लागले, अंग भरलं आणि क्रिएटिनिन १.७ झालं तर लगेच हाय खाऊ नका, अंदाज दोन्ही आकडे मिळून घ्यायचा असतो.

आजाराला तीन महिने झाले की किडनीच्या डॉक्टरांची भेट चुकवू नका, बाबा ‘मला काही होत नाहीये’ म्हणाले तरी. अडकलेल्या पेशी आणि साठणारे तंतू दुखत नाहीत. त्या भेटीत क्रिएटिनिन, लघवीतला अल्ब्युमिन-क्रिएटिनिन रेशो आणि बीपी पाहिलं पाहिजे. लघवीतून अल्ब्युमिन हे प्रथिन जात असेल तर आज हाताशी चांगली, वापरात असलेली औषधं आहेत आणि ती कधी सुरू करायची हे तेच ठरवतील. दवाखान्यात असताना थांबवलेली बीपीची एखादी गोळी पुन्हा सुरू करायची राहिलीय का, तेही विचारा. घरी आल्यावर हे हमखास निसटतं. गुडघे दुखले म्हणून आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक घ्यायचं नाही. जुलाब-उलट्या सुरू झाल्या, खाणंपिणं तुटलं, तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करायचा आणि कुठल्या गोळ्या तात्पुरत्या थांबवायच्या ते विचारायचं. घटक न लिहिलेली भुकटी, काढे, कोणी प्रेमाने आणलेले डबे, सगळ्यांना नकार. नातेवाइकांना वाईट वाटेल, वाटू द्या.

बाबांच्या आजाराचा आणि मुलीच्या एकाच किडनीचा परस्परांशी संबंध नाही. बाबांची किडनी घडलेली होती, ती दुखावली. मात्र एकच किडनी असणं काही घरांत एकापेक्षा जास्त जणांत सापडतं. त्यामुळे तुम्ही आणि तुमच्या पतींनी एकदा पोटाची साधी सोनोग्राफी करून घेतलीत तर बरं. बाबांच्या आजारपणात त्यांची सोनोग्राफी झालीच असेल. दोन्ही किडन्यांची मापं त्या रिपोर्टात लिहिलेली असतात, त्याची एक प्रत मुलीच्या फाइललाही लावा.